परळीची राख, बीडची काळी माती आणि ताटातला पालक: जड धातूंचा प्रवास नेमका कसा होतो?

परळी वैजनाथच्या आसपासच्या शेतकऱ्याने रानातली माती तपासून घेतली की त्याच्या हातात जमीन आरोग्य पत्रिका येते. तिच्यावर बारा आकडे असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. खाली पिकानुसार खताची शिफारस. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडमधून ही योजना देशभर सुरू झाली आणि पीक घेणाऱ्यासाठी ती उपयोगाची आहे, यात वाद नाही. पण त्या कागदावर शिसे, कॅडमियम, आर्सेनिक किंवा क्रोमियम यांचा रकानाच नाही. पत्रिका पिकाला काय कमी पडते ते सांगते. पिकातून माणसाच्या पोटात काय जाते, हा प्रश्न तिला कधी विचारलेलाच नाही.

परळीत तो विचारावा लागतो, कारण गावाच्या बाजूला औष्णिक विद्युत केंद्र आहे आणि त्याच्या बाजूला राखेची तळी आहेत. इथला पहिला संच १९७१ साली सुरू झाला. जुने संच एकेक करून बंद झाले आणि आता प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच उरले आहेत. डिसेंबर २०२४ नंतर परळीच्या राखेची वाहतूक आणि तिच्यावरचा धंदा राज्यभर गाजला. त्या गदारोळात राखेचे अर्थकारण घराघरांत पोचले, राखेतले रसायन मात्र बाजूलाच राहिले.

राखेत धातू येतात कुठून?

कोळसा म्हणजे जमिनीत गाडलेल्या वनस्पती आणि त्यांच्यात मिसळलेली माती. त्या मातीत जे धातू असतात ते कोळशातही थोड्या प्रमाणात असतात. कोळसा जळतो तेव्हा कर्ब धुरावाटे निघून जातो, धातू मात्र जळत नाहीत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असते. म्हणजे तीन किलो कोळशातले बहुतेक धातू एक किलो राखेत गोळा होतात. पाऱ्याचा बराच भाग वाफ होऊन चिमणीतून निसटतो. आर्सेनिक, सेलेनियम, कॅडमियम, शिसे हे भट्टीच्या उष्णतेत वायुरूप होतात आणि धूर थंड होताना राखेच्या सर्वांत बारीक कणांवर जाऊन बसतात. हेच कण वाऱ्याने सर्वांत लांब जातात आणि पानावर सर्वांत घट्ट चिकटतात.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून ढोबळ हिशेब करता येतो. ७५० मेगावॅट क्षमता पूर्ण भाराने २४ तास चालली तर १ कोटी ८० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला साडेबारा हजार टनांच्या आसपास कोळसा जळतो आणि चार हजार टनांहून जास्त राख पडते. संच कमी भाराने चालले तर राख कमी, पण हजारो टनांच्या खाली ती क्वचितच येईल.

यातली बरीच राख सिमेंट आणि विटांसाठी जाते. उरलेली पाण्यात कालवून तळ्यात सोडली जाते. दाऊतपूर आणि दादाहरी वडगाव या गावांची नावे राखेच्या संदर्भात वारंवार येतात ती त्यामुळे. तळ्यात पाणी असेपर्यंत राख बसून राहते. पाणी आटले की ती उडते. मराठवाड्यात पाणी आटणे ही काही नवलाची गोष्ट नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले होते. दुष्काळात वीज थांबते, नवी राख थांबते, पण आधी साठलेली राख कोरडी पडते. त्यात तळ्यातून राख उपसून उघड्या टिपरमधून नेली, तर रस्त्याकडेची रानेही त्या टापूत येतात.

काळी माती काय करते?

इंटरनेटवर या विषयावर वाचायला गेले तर बहुतेक सल्ला युरोप-अमेरिकेतल्या किंवा चीनच्या आम्लधर्मी जमिनींसाठीचा असतो. बीडची जमीन तशी नाही, आणि इथेच गफलत होते.

मातीत धातू किती आहे आणि पिकाला त्यातला किती मिळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धातू मातीच्या कणांना चिकटून बसला तर मूळ त्याला उचलू शकत नाही. मूळ फक्त मातीतल्या पाण्यात विरघळलेला धातू घेते. बीडची काळी माती चिकण, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. सामू साधारण साडेसात ते साडेआठ. अशा मातीत शिसे, कॅडमियम, निकेल आणि जस्त घट्ट धरले जातात. ज्या कारणाने इथल्या पिकांना जस्त मिळत नाही आणि कपाशीची वा मक्याची पाने पिवळी पडतात, त्याच कारणाने कॅडमियमही मुळापर्यंत सहज पोचत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तेवढाच कॅडमियम पडला तर भाजीत कितीतरी जास्त उतरेल.

म्हणून ‘जड धातू असतील तर शेतात चुना टाका’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला बीडमध्ये निरर्थक आहे. चुना इथे आधीच भरपूर आहे.

पण काळी माती सगळ्यांनाच अडवत नाही. आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम आणि क्रोमियमचे विषारी रूप (रसायनशास्त्रात ज्याला षट्‌संयुजी क्रोमियम म्हणतात) यांचे वागणे उलटे आहे. अल्कधर्मी मातीत ते सैल होतात आणि पाण्याबरोबर फिरतात. राख स्वतःही बऱ्याचदा अल्कधर्मी असते. त्यामुळे राखेच्या तळ्याजवळच्या विहिरीत पाहायचे झाले तर पहिली नजर शिशावर न जाता आर्सेनिक, क्रोमियम आणि बोरॉनवर जायला हवी.

बोरॉन हा इथला एक उपयोगी धागा आहे. कोळशाच्या राखेतून पाण्यात सहज उतरणारा हा घटक असल्याने राखेचा माग काढण्यासाठी जगभर त्याचा वापर होतो. आणि तो जमीन आरोग्य पत्रिकेवर आहे. राखेच्या टापूतल्या रानात बोरॉन आणि क्षारता दोन्ही आकडे चार कोसांवरच्या तशाच जमिनीपेक्षा ठळकपणे जास्त निघाले, तर राख मुरत असल्याची शंका घेता येते. खाऱ्या बोअरच्या पाण्यानेही बोरॉन वाढतो, तेव्हा एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पुढची तपासणी कुठे करायची, ते मात्र कळते.

आणखी एक सापळा आहे. दख्खनच्या काळ्या कातळातून, म्हणजे बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत तांबे, क्रोमियम, निकेल हे धातू मुळातच जास्त असतात. किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास तांबे किंवा क्रोमियम कुठल्याही कारखान्यापासून लांबच्या रानातही सापडू शकते. परदेशातल्या मर्यादांचा तक्ता समोर ठेवून ‘माती दूषित’ असा अहवाल दिला, तर त्यातले निम्मे प्रदूषण कातळाचेच निघायचे. उलट, हा सगळा कातळाचाच धातू आहे असे म्हणून खरे प्रदूषण झाकणेही तितकेच सोपे. यावर उपाय एकच: राख पोचत नाही अशा गावातली, त्याच खोलीची आणि त्याच प्रतीची काळी माती शेजारी ठेवून मोजणे.

मग पालेभाजीत धातू येतो कसा?

दोन वाटा आहेत. एक मुळातून, दुसरी थेट पानावरून. बीडच्या मातीत पहिली वाट अरुंद आहे, म्हणून दुसरीकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

पुन्हा हिशेब करून पाहू. एक एकर रानातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन जवळपास आठ लाख किलो भरते. समजा राखेत किलोमागे ४० मिलिग्रॅम शिसे आहे आणि वर्षभरात एकरावर एक टन राख पडली. तर वर्षाला ४० ग्रॅम शिसे आले, आणि मातीतले प्रमाण किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमने वाढले. साध्या मातीतही शिसे किलोमागे दहा-वीस मिलिग्रॅम असतेच. म्हणजे माती बदलायला दशके लागतील.

आता तीच राख पानावर पाहा. किलोभर पालकाच्या पानांवर दहा ग्रॅम राख, म्हणजे दोन चहाचे चमचे, बसली आणि ती धुतली गेली नाही, तर त्या किलोभर भाजीत ०.४ मिलिग्रॅम शिसे आले. पालेभाज्यांसाठी शिशाची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. जे मातीत घडायला पिढी जाते ते पानावर एका हंगामात घडू शकते.

सगळ्या भाज्या सारख्या नाहीत. पालक, मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर यांची पाने पसरट, जमिनीलगत आणि खाण्यापर्यंत उघडी. धूळ त्यांच्यावरच जास्त बसते. त्यातही पालक कॅडमियम मुळातून ओढून पानात साठवण्यात पुढे आहे. मुळा, गाजर, बीट मातीतच वाढतात, त्यामुळे सालीला लागलेली माती हा त्यांचा मुख्य धोका. वांगी, भेंडी, दोडका, गवार, टोमॅटो यांच्या फळापर्यंत शिसे क्वचितच पोचते, कारण ते मुळातच अडकून राहते. राखेच्या टापूत भाजी करायचीच असेल तर फळभाजी करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

पानावरची वाट शेतातच संपत नाही. बनारस हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी वाराणसीत शेतातली आणि बाजारातली भाजी वेगवेगळी तपासली, तेव्हा बाजारातल्या भाजीत धातू जास्त सापडले. शेतातून निघालेली जुडी रस्त्याकडेच्या हातगाडीवर दिवसभर धूळ आणि धूर खात बसते, हे त्याचे कारण. परळी-अंबाजोगाई रस्त्याकडेची भाजी असो की मुंबईत लोहमार्गालगत पिकणारा पालक, नियम हाच.

०.२ मिलिग्रॅम म्हणजे किती?

अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्सने पालेभाज्यांत कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ठेवली आहे. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही हाच आकडा आहे. तो ताज्या, ओल्या भाजीसाठीचा आहे. संशोधन निबंधांत मात्र बहुतेक वेळा वाळवलेल्या भाजीचे आकडे असतात आणि पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. म्हणजे निबंधातला किलोमागे २ मिलिग्रॅम हा आकडा ओल्या भाजीत ०.२ च्या घरात येतो. ‘मर्यादेच्या दहापट धातू’ अशा बातम्यांपैकी काही केवळ या गोंधळातून जन्मतात.

तरीही मर्यादेच्या आत म्हणजे निर्धास्त, असे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० साली कॅडमियमसाठी शरीराच्या किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम इतके सेवन चालेल असे ठरवले. ६० किलोच्या माणसाला हे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम पडते. बरोबर मर्यादेवर असलेली पाव किलो पालेभाजी रोज खाल्ली तर तेवढ्यातच हा कोटा संपतो. धान्य, डाळ, तंबाखू यांच्यातून येणारा कॅडमियम वेगळाच. १५ किलोच्या मुलाला साठ-बासष्ट ग्रॅम भाजी पुरते. शिशाबाबत तर त्याच समितीने त्याच वर्षी आधीची मर्यादा मागे घेतली, कारण मुलांच्या बुद्धीवर परिणाम होणार नाही अशी पातळी तिला सांगता येईना.

कीटकनाशक उन्हात, जिवाणूंमुळे कालांतराने विघटित होते. धातूचे विघटन होत नाही, तो मूलद्रव्यच आहे. शिजवल्यानेही तो नाहीसा होत नाही. कॅडमियम मूत्रपिंडात साठतो आणि त्यातला निम्मा बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. मातीचेही तसेच. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीकाठच्या भातशेतीत कामिओका खाणीतला कॅडमियम उतरला, हाडे ठिसूळ होऊन माणसे वेदनेने ओरडत, म्हणून त्या आजाराचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे पडले. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. तिथली आठशेहून जास्त हेक्टर शेती दुरुस्त करण्याचे काम २०१२ मध्ये संपले. त्याला तीन दशकांहून जास्त काळ लागला. परळीची तुलना त्या खाणीशी करणे बरोबर नाही, राखेतला कॅडमियम त्या मानाने फारच थोडा असतो. पण माती बिघडल्यावर किती उशीर होतो, ते तिथे दिसते.

खते आणि सांडपाणी

स्फुरदयुक्त खतांत खडकातून आलेला थोडा कॅडमियम असतो, हे खरे आहे. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून किलोभर स्फुरदामागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा लावली. त्या मर्यादेवरचे डीएपी धरले तरी ५० किलोच्या पोत्यात दीड ग्रॅमपेक्षा कमी कॅडमियम येतो. एकराला वर्षाला एक पोते टाकले तर शंभर वर्षांत मातीत किलोमागे ०.१७ मिलिग्रॅमची भर पडेल. काळजी करण्यासारखी गोष्ट, पण नातवंडांच्या काळातली.

शहरी कचऱ्यापासूनचे कंपोस्ट विकत घेताना मात्र प्रश्न विचारावा. खत नियंत्रण आदेशात अशा खतासाठी शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपर्यंतच चालते. पोत्यावर तपासणीचा दाखला नसेल तर शेणखत बरे. सांडपाण्याचा धोका त्यात काय मिसळले जाते यावर ठरतो. घरगुती पाण्यापेक्षा बॅटरी दुरुस्ती आणि धातूचा मुलामा देणारे कारखाने यांचे पाणी कितीतरी वाईट.

मोजायचे तर काय मोजायचे?

जमीन आरोग्य पत्रिकेसाठी जस्त, लोह, तांबे, मँगनीज मोजताना माती डीटीपीए नावाच्या द्रावणात घुसळतात आणि तो अर्क यंत्रावर तपासतात. त्याच अर्कात शिसे, कॅडमियम आणि निकेलही उतरतात. यंत्रही तेच चालते, फक्त प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा बसवावा लागतो. म्हणजे पिकाला मिळू शकणारे शिसे मोजण्यासाठी सगळी नवी व्यवस्था उभी करायची गरज नाही. भाजीतला कॅडमियम मोजायला मात्र याहून संवेदनशील यंत्र लागते आणि ते विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेतच मिळते. बीड जिल्हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्र आहे. गावाने मिळून नमुने द्यायचे म्हटले तर दारे आहेत.

नमुना घेण्यातच अर्धी परीक्षा असते. एकाच रानातली भाजी दोन भागांत घ्यावी, एक न धुता आणि एक स्वच्छ धुऊन. दोन्ही आकड्यांत मोठा फरक आला तर धातू पानावर आहे आणि दोष हवेतल्या राखेचा. फरक आला नाही तर तो आत शिरला आहे आणि माती किंवा पाणी तपासावे लागेल. वारा हिवाळ्यात ईशान्य-पूर्वेकडून आणि पावसाळ्यात नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, तेव्हा एका ऋतूतला एकच नमुना अर्धी गोष्ट सांगतो. सर्वांत धुळीचे दिवस मार्च ते मे, पालेभाजीला भावही तेव्हाच चांगला असतो.

राख शेतात टाकायलाच बंदी आहे का, असाही प्रश्न येतो. नाही. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळ्या राखेचा वापर बंधनकारक केला, न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाई ठेवली, आणि वापराच्या यादीत शेतीही आहे. पण ती नियंत्रित पद्धतीने आणि माती परीक्षणाच्या आधारे. भारी जमीन भुसभुशीत करण्यासाठी मोजून मिसळलेली राख आणि वाऱ्याने मेथीवर येऊन बसलेली राख यांत फरक आहे. दुसरीचे माप कोणीच घेत नाही.

घरात आणि रानात

पालेभाजी मोठ्या पातेल्यात बुडवून, हलवून, तळाचे पाणी टाकून पुन्हा दोन-तीनदा धुतली तर पानावरची राख बहुतांश निघते. जुडी नळाखाली धरून झटकणे पुरत नाही, देठाच्या बेचक्यात राख तशीच राहते. बाहेरची जुनी पाने काढून टाकावीत, मुळा आणि गाजर सोलून घ्यावेत. काढणीआधी तुषार सिंचनाने पाने धुऊन घेणेही चालते, पाणी स्वच्छ असेल तर.

रानासाठी दोन गोष्टी इथल्या मातीला लागू पडतात. शेणखताने सेंद्रिय कर्ब वाढला की मातीची धातू धरून ठेवण्याची ताकद वाढते आणि क्रोमियमचे विषारी रूप कमी विषारी रूपात बदलते. दुसरी गोष्ट जस्ताची. जस्त आणि कॅडमियम रासायनिकदृष्ट्या भावंडे आहेत, मूळ दोघांना बऱ्याच अंशी एकाच दारातून आत घेते. जस्ताची उपासमार असलेले पीक त्या दारातून कॅडमियमही ओढते. मराठवाड्यात जस्ताची कमतरता सर्रास आहे आणि हा आकडा पत्रिकेवर छापलेला असतो. तो किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर एकरी दहा किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यायची शिफारस असते. ती पाळली तर उत्पादन वाढते, आणि पालकात उतरणारा कॅडमियमही कमी होतो.